अक्कांचा थरथरता अंगठा

अक्कांनी मला सांभाळून घेतलं, म्हणून आज बंगळुरूसारख्या परक्या शहरात माझं पोट भरतंय. जळगावच्या आमच्या ॲप बनवणाऱ्या छोट्या ऑफिसात त्या वयानं सगळ्यांत मोठ्या, मूळच्या धुळ्याच्या. त्यांचा उजवा हात सतत थरथरायचा. चहा अर्धाच कप घ्यायच्या. भरलेला कप ओठांपर्यंत पोचायचाच नाही.

माझी शाळा नववीतच सुटलेली. कोड लिहायला त्यांनीच शिकवलं. मी काहीही विचारायच्या आधी ‘माझं चुकलं का?’ म्हणायची. त्या म्हणायच्या, “घाबरू नको माय. ॲप बंद पडस, तू नही.”

सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्यासाठी आम्ही ॲप करत होतो. घडांचं वजन नोंदवायला मी स्क्रीनवर बोटानं फिरवायची गोल चकती बनवली. ऑफिसात छान चालायची. सावद्यात ट्रक भरताना मात्र ॲप सारखं बंद पडायचं. साहेब म्हणाले, “सोमवारपर्यंत नीट झालं नाही, तर सरळ घरी जा.” घरी, म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याशी, रोजानं लोकांच्या शेतात निंदणी करायला.

मी दिवसभर चकती फिरवली. एकदाही बंद पडली नाही. रडवेली झाले. अक्कांनी फोन ओढून घेतला, तो थरथरता अंगठा चकतीवर टेकवला, आणि ॲप गेलं. पुन्हा उघडलं, पुन्हा गेलं.

“तुनं बोट शहाणं शे,” त्या आपला अंगठा दाखवत हसल्या. “हाई येडं बोट लाव.”

हात हलला की त्यांचं दुसरं बोटही काचेला लागायचं. पहिलं उचललं तरी माझी चकती त्यालाच शोधत राहायची, आणि ते सापडलं नाही की ॲप कोसळायचं. सावद्यात हात केळीच्या चिकानं माखलेले. एक अंगठा चिकटला की माणसं तो उचलायच्या आत दुसरा लावायची. उचललेलं बोट सोडायचं, टेकलेलं धरायचं, एवढीच दुरुस्ती. माझी नोकरी राहिली.

अक्कांची नाही राहिली. आता दोन्ही हात हलतात. धुळ्याच्या घरी दिवसभर एकट्याच असतात. मी बंगळुरूहून फोन लावते, वाजतो, उचलताना अंगठा घसरतो आणि कट होतो. मागे पुतण्याच्या फोनवरून म्हणाल्या, “लावत जाऊ नको माय, माले लाज वाटस.”

अक्का, सगळी काच एकच बटण होईल, हात कुठंही, कसाही टेकला तरी फोन उचलला जाईल, असं ॲप मी करतेय. धुळ्याला येऊन माझ्या हातानं तुमच्या फोनात घालीन. तोवर कट झाला तरी मी पुन्हा लावीन.