मायनं निवडलेला रंग

रंग वाळून पुरते तीन आठवडे झाले नव्हते आणि भिंतींवर हात उमटायला लागले. हॉलमध्ये, पॅसेजमध्ये, न्हाणीच्या दाराशी. तेलकट, काळपट, पाची बोटांसकट. दिवसभर घरात माणूस एकच, माझी माय. मग विचारायचं तरी कोणाला? शाळेतून आले, पर्स खुर्चीवर टाकली आणि पहिल्याच ठशापाशी मी सुरू झाले.

"माय वो, भिंतीले हात काऊन लावते? नवा रंग आहे ना तो!"

"नाई लावत आता," माय म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चार ठसे जास्त.

माझा जास्त संताप का होत होता, तेही सांगते. हा रंग मी तिच्यासाठीच दिला होता. आधी आमचं घर निळं होतं. आमच्या वस्तीत बरीच घरं निळी. पण चंद्रपुरात राखेची आणि कोळशाची धूळ अशी बसते की दोन वर्षांत निळ्याचा मळका फडका होतो. वडील गेल्यावर मायला मी पोंभुर्ण्याकडच्या गावातून इकडं आणलं. ती मातीच्या भिंतींच्या घरात जन्मभर राहिलेली, इथं तिचा जीव रमेना. म्हटलं, या वेळी रंग तिच्या पसंतीचा. दुकानातून शेडकार्ड आणलं, तिच्या मांडीवर ठेवलं, म्हटलं, सांग. तिनं जरा वेळ कार्डावरून हात फिरवला आणि एका चौकोनावर बोट टेकवलं. तांबूस, उबदार, मातकट तपकिरी. आमच्या गावच्या घराच्या भिंतीचाच रंग! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. विहारातल्या बाया म्हणाल्या, "निळा काढून हा काय चिखल फासला?" म्हटलं, फासला, माह्या मायसाठी फासला.

आणि मी एकदा मनावर घेतलं की अर्धवट काही करत नाही. भिंती त्या रंगाच्या, दारं त्या रंगाची, चौकटी त्याच. फरशी आधीच तपकिरी होती. पडदे तसे आणले, पलंगावरची चादरही तशीच. नवरा आलापल्लीला फॉरेस्टमध्ये, महिन्या-दोन महिन्यांनी घरी येणारा. त्याला फोटो पाठवला तर म्हणाला, भिंत कुठं संपते आणि दार कुठं सुरू होते तेच समजून नाही राह्यलं. मी ते कौतुक समजले.

माय मात्र खुश होती. निदान मला तसं वाटलं. "लय छान दिसून राह्यलं," म्हणाली.

मग हे ठसे. आणि ठशांच्या मागोमाग बाकीचं.

एका दुपारी शाळा लवकर सुटली. घरी आले तर माय पॅसेजमध्ये भिंतीकडं तोंड करून उभी. भिंतीपासून वीतभर अंतरावर, नुसती उभी. मी म्हटलं, "काय करून राह्यली?" ती दचकली. म्हणाली, "काई नाई, उभी आहो." कोणी भिंतीसमोर असं उभं राहतं का? दोन दिवसांनी तिच्या कपाळावर टेंगूळ. अर्धवट उघड्या दाराची कड लागली होती. विचारलं तर म्हणते, "लागलं नाई, टेकलं." त्याच आठवड्यात पाण्यानं भरलेला पितळी गुंड लवंडला, स्वयंपाकघरात पाणी, आणि ती खाली बसून फडक्यानं कोरडी फरशी पुसत होती. पाणी होतं हातभर पलीकडं.

मग तिनं खोलीबाहेर येणंच सोडलं. जेवायला बोलावलं तर म्हणायची, भूक नाही, इथंच आणून दे. मी ताट आदळायची. खोटं कशाला सांगू, आदळायचीच.

आमच्या शाळेतल्या एका बाईंच्या सासूला विसरण्याचा आजार होता. ती एकदा घरातून निघाली ती थेट बसस्टँडवर सापडली, स्वतःचं नावही सांगता येईना. त्या बाई स्टाफरूममध्ये सांगायच्या, सुरुवात अशीच झाली होती, उगाच उभं राहणं, उगाच पाणी सांडणं. वर्गात फळ्यावर भागाकार लिहिताना मनात एकच घोळायचं, घरी गॅस आहे, माय एकटी आहे, आणि तिचं डोकं ठिकाणावर नाही. मधल्या सुट्टीत फोन करायची. तिनं उचलायला उशीर केला की जीव टांगणीला, आणि उचलला की ओरडणं. "कुठी होतीस इतका वेळ?"

शेवटी मी चिमूरकडं दादाला फोन केला. तो शेती करतो, त्याच्या घरी वहिनी दिवसभर असते. म्हटलं, "दादा, येत्या रविवारी ये आणि मायले घेऊन जा. माझ्याच्यानं होत नाही." तो म्हणाला, "तूच तर भांडून नेली होती तिले." मी फोन ठेवून दिला. खरं होतं ते. नेताना मी सगळ्या गावासमोर म्हटलं होतं की तुमच्यापेक्षा मी तिला चांगली ठेवीन. आणि आता मीच तिला परत पाठवत होते. पण गॅस पेटता राहिला असता तर? घर जळालं असतं तर? मी स्वतःला हेच सांगत होते.

दादा यायच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, शाळेत रजा टाकून मी पेंटरला बोलावलं. ठशांवर एक हात मारून घ्यावा म्हणून. दादानं ती घाण बघावी आणि मनात काही आणावं, हे मला नको होतं. पेंटर मूल गावाकडचा म्हातारा माणूस, एकटाच काम करायचा. डबा आणि ब्रश खाली ठेवले आणि काम सुरू करायच्या ऐवजी हा गृहस्थ घरभर फिरायलाच लागला. हॉल, पॅसेज, न्हाणी, परत पॅसेज. भिंतीच्या इतका जवळ जाऊन पाहत होता की मला चीड आली.

"काय झालं भाऊ? घाण पुसायची आहे, परीक्षा नाही घ्यायची."

तो म्हणाला, "मॅडमबाई, म्हातारीले दिसते का?"

मी फाडकन म्हटलं, "न दिसायला काय झालं? भाजी निवडते, तांदूळ पाखडते, कोणी आलं की दारातूनच ओळखते."

"आवाजावरनं ओळखत असन."

त्यानं मला पॅसेजमध्ये नेलं. "हे पाहा. सगळे ठसे एकाच उंचीवर आहेत. खोलीपासून निघते, भिंतीभिंतीनं चालत येते. दाराजवळ ठसे दाट, कारण इथं तिले दार सापडत नाई. बटनाजवळबी तसंच. हे मळवलेलं नाई बाई. चाचपडलेलं आहे."

अगं आई गं! मी त्या ठशांकडं रोज पाहत होते. रोज ओरडत होते. एकदाही त्यांच्या मागं चालत गेले नव्हते.

पेंटर आपल्याच नादात बोलत होता. "आपल्या मातीच्या घराले दाराभोवती आणि भिंतीच्या बुडाले बाया पांढऱ्या मातीचा पट्टा ओढत होत्या की नाई? लोकाले वाटते, शोभेसाठी. माही आजी म्हणायची, अंधाऱ्या घरात दार दिसलं पाहिजे. तुम्ही मातीचा रंग दिला, पट्टा नाई दिला." त्यानं पांढऱ्या प्राइमरचा डबा उघडला आणि मायच्या खोलीच्या चौकटीवर चार बोटं रुंद पट्टा ओढला, उभा, आडवा, उभा. मला न विचारता. मी अडवलं नाही.

मग मी हाक मारली, "माय, बाहेर ये."

ती हात पुढं करून निघाली. दोन पावलं, तीन पावलं. दाराजवळ आली आणि थांबली. मान जराशी तिरकी केली. मग तिनं हात खाली घेतला आणि सरळ दारातून बाहेर आली. कुठंही टेकली नाही.

"इथी आहे का दार," ती म्हणाली. "बरं झालं."

मी खाली फरशीवरच बसले. डोकं ठिकाणावर नव्हतं ते माझं, तिचं नाही. पण तेवढ्यातही माझा स्वभाव कुठं जातो! मी बसल्याबसल्याच ओरडले, "मग सांगतलं काऊन नाई? शेडकार्डावर बोट तर नेमकं ठेवलं होतं तू!"

"तू कार्ड मांडीवर ठेवलं. म्हणे, सांग. मी हात फिरवला, जिथं थांबला तिथं थांबला. तू इतकी रडली खुशीनं, मंग मी काय बोलू?"

त्या संध्याकाळी तिला डोळ्याच्या डॉक्टरांकडं नेलं. काचबिंदू. एक डोळा गेलेला, दुसऱ्यात थोडंसं उरलेलं. गेलेलं परत येत नाही, उरलेलं थेंबांनी टिकवायचं, असं डॉक्टर म्हणाले. कधीपासून कमी दिसतं, विचारल्यावर माय शांतपणे म्हणाली, "इचा बाप जिता होता तेव्हापासूनच." गावच्या घरात तिला प्रत्येक पाऊल पाठ होतं, म्हणून कोणाला कळलं नाही. माझ्या घरात तिला काहीच पाठ नव्हतं, आणि मी उरलंसुरलं सगळं एका रंगात बुडवून टाकलं होतं.

घरी येताना रिक्षात मी मनाशी पक्कं केलं. मायला जाऊ द्यायचं नाही. सगळ्या दारांना पट्टे, बटनांना पट्टे, शाळेच्या वेळेत घरी एक बाई ठेवायची. दादाला फोन केला, येऊ नको म्हणून. तो म्हणाला, निघायचं ठरवलंय, येतो आणि पाहतो.

रविवारी सकाळी तो आला तेव्हा माय हॉलमध्ये खुर्चीवर बसली होती. पायाशी तिची पिशवी, तिनं स्वतः भरलेली. दादाला चहासुद्धा न देता मी बोलायला लागले. माझी चूक झाली, मला कळलं नाही, आता सगळं नीट करते, दोन दिवसांत अख्खं घर बदलते, तिला पाहिजे तर पांढरं करते. बोलता बोलता आवाज चढत गेला, मला कळलंही नाही. दादा म्हणाला, "मले काऊन सांगते? तिले विचार."

"माय, राहाय ना," मी म्हटलं.

मायनं पदराची कड बोटांत फिरवली.

"रंगाचं काई नाई वं पोरी," ती म्हणाली. "डोळ्याचंबी नाई. तुहं तोंड मले दीड-दोन वर्षं झाली दिसत नाई. तू कशी दिसते आता, मले माहीत नाई. माह्याजवळ तुहा आवाजच आहे तेवढा. सकाळी उठली की तोच, संध्याकाळी आली की तोच. आणि तो रोज मले रागावते." मग म्हणाली, "दादाकडं राहतो काई दिवस. मंग पाहू."

मला खूप बोलायचं होतं. माय, मी घाबरले होते गं, तो राग नव्हता, भीती होती, असं काहीतरी. तोंड उघडलं आणि कोणत्या आवाजात बोलू ते मला कळेना. मी तशीच उभी राहिले. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक तेवढी ऐकू येत होती.

मायनं मान वळवली, दादाच्या दिशेनं.

"गेली का रे ती?" तिनं हळूच विचारलं.

मी तिच्या समोर, दोन हातांवर उभी होते.