ट्रॉलीतली उपासना

पास्टर शहादेव मंगळवारी नेकनूरला, गुरुवारी वडवणीला एसटीने जायचे आणि रविवारी तलवाड्यात सुभद्राबाईंच्या अंगणात उपासना घ्यायचे. आठवडाभर ऐकलेल्या गरजा तिथं एकेकाचं नाव घेऊन देवापुढं मांडायच्या, हा त्यांचा नेम. उद्या सोमवारी तलवाड्यातल्या त्यांच्या मंडळीची सातही घरं ऊसतोडीला निघणार होती. मग सहा महिने भेट नव्हती.

मुकादम युवराजला ही उपासना डोळ्यांत सलायची. त्यानं मुद्दाम एक दिवस आधी, रविवारीच उपासनेच्या वेळी ट्रॅक्टर आणून भोंगा वाजवला. माणसं प्रार्थना अर्धी टाकून उठली. पास्टरही बायबल काखोटीला मारून ट्रॉलीत चढले.

“उतर बे! कोयता धरला का कधी?”

“तुमी ट्रॅक्टर हाका. माझं काम राह्यलंय.”

युवराजनं गाणी कर्कश सोडली. पास्टरांनीही आवाज लावला. माईक नव्हते तेव्हा नट शेवटच्या रांगेसाठी लावायचे, तसा. बायनाबाईंचा गुडघा, गावात मागं राहिलेल्या आरोहीची दहावी, एकेक गरज त्यांनी घेतली. गाणी चढली, शिव्याही चढल्या. फाट्यावर युवराजनं ब्रेक दाबला आणि खाली येऊन त्यांचा दंड धरला.

“लई झालं नाटक! उतर!”

फक्त मंगलसाठीची प्रार्थना उरली होती, ती सातव्या महिन्यातली गरोदर. पास्टरांचा एक पाय रस्त्यावर टेकला होता, दुसरा ट्रॉलीत होता. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. युवराज ओढत राहिला. ट्रॉलीभर ‘आमेन’ झाल्यावरच तो दुसरा पाय खाली आला.