पेरेस आत्याचा जबाब

आमच्या कादुओल गावात कोण जन्मलं आणि कोण गेलं, याची पहिली खबर देवाला आणि दुसरी पेरेस आत्याला, असं लोक म्हणायचे. काही आगाऊ लोक देवाचा नंबर दुसरा लावायचे. वीस वर्षांहून जास्त काळ तिने एकच काम केलं. सियाया जिल्ह्याच्या या भागात तापाने एवढी पोरं का मरतात, हे शोधणारं एक संशोधन केंद्र आहे. त्या केंद्रासाठी आठ वाड्यांत घरोघर फिरून जन्म, मरण, आजारपण वहीत टिपून आणायचं. पायात टायरच्या चपला, डोक्याला पांढरा रुमाल, आणि तोंड असं की कुत्रीसुद्धा भुंकायच्या आधी विचार करायची.

ती माझ्या बापाच्या भावकीतली, म्हणून माझी आत्या. मीही त्याच केंद्रात नोकरीला, पण माझं काम तिच्याहून वाईट. घरात मरण झालं की पाच-सहा आठवड्यांनी जायचं आणि विचारायचं, माणूस गेलं कसं? ताप किती दिवस होता, झटके आले का, दवाखान्यात कधी नेलं, नेलं नाही तर का नाही. आमच्याकडे निम्मी माणसं डॉक्टरचं तोंड न बघता घरीच जातात. त्यांच्या मरणाचं कारण कुणी विचारल्याशिवाय कळणार कसं? मी लिहून आणतो, डॉक्टर वाचतात आणि कारण ठरवतात. कामाचा उपयोग आहे, नाही कोण म्हणतो! पण जिचं लेकरू गेलंय तिला हे सगळं विचारायला जीभ रेटत नाही. ज्याची सहज रेटते त्याने हे काम करूच नये.

मला हे काम आत्याने शिकवलं. केंद्रातल्या साहेबांनी थंडगार खोलीत बसवून तीन दिवस शिकवलं होतं, ते म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. पहिल्याच घरी मी कागद काढून विचारलं, "मयताचं नाव?" बाहेर आल्यावर आत्याने माझं बखोट धरलं.

"मयत? कानाखाली जाळ काढीन! त्या बाईला तिची लेक अजून मयत वाटत नाहीये, आणि तू निघालास लिहायला. नाव विचारायचं नाही, नाव माहीत करून जायचं. आधी बस. चहा दिला तर पी. ती रडली तर रडू दे."

"आणि कागद?"

"कागद कुठे पळून चाललाय?"

दुसरी गोष्ट तिने शिकवली ती घरातल्या बाकीच्यांना उठवायची. आईला एकटीला झाडाखाली घेऊन बसायचं, सासू नको, दीर नको, शेजारीण तर नकोच नको. "चार माणसं बसली की बाई खरं सांगत नाही," आत्या म्हणायची. "जे सांगितल्याने उद्या घरात राहता येईल तेवढंच सांगते." चांगल्या चांगल्या म्हाताऱ्यांना ती "उठा, जरा गुरं बघून या" म्हणून हुसकवायची. नियम तो नियम. कुणाचा जबाब कुणापुढे नाही.

तिला एक मुलगा, नाशोन, किसुमू शहरात एका गॅरेजात कामाला. त्याची बायको बेरील गावी आत्याजवळ राहायची. त्यांना मुलगा झाला तेव्हा आमच्या रीतीप्रमाणे त्याला वारलेल्या आजोबांचं नाव दिलं, ओगुतु. म्हणजे आत्याच्या नवऱ्याचंच नाव. झालं! आत्या त्याला "आमचे मालक" म्हणायला लागली. "मालकांना मक्याची उगाली नको, फक्त मासे पाहिजेत. तेव्हाही असेच होते, माझ्या ताटातले उचलायचे." दोन वर्षांचं पोर ते, तिच्या मांडीवर बसून खुशाल हुकूम सोडायचं. वीस वर्षांत आत्या एवढी हसलेली मी बघितली नव्हती.

मे महिन्यात ओगुतुला ताप आला. चौथ्या दिवशी सकाळी त्याला झटके आले. भाड्याच्या बोडा मोटरसायकलवरून दवाखान्यात नेताना, अर्ध्या वाटेत, पुलाच्या अलीकडे तो गेला.

मातीला सगळा गाव होता. आत्याचा दीर जेकोनिया, आता घरातला मोठा माणूस तोच. तो सगळ्यांसमोर उभा राहिला आणि बेरीलकडे बोट करून म्हणाला, "माझा भाऊ एकदा आजाराने मेला. या बाईने त्याला दुसऱ्यांदा मारलं. चार दिवस पोर तापाने फणफणतंय आणि ही फोन बघत बसली!" बेरील मान खाली घालून बसली होती. तिने एक अक्षर काढलं नाही. आत्यानेही नाही. मला वाटलं, दुःखाने आत्याची वाचा बसली.

नाशोन बायकोशी न बोलता किसुमूला निघून गेला. पुढे घरात ठरलं की महिनाअखेरीला बेरीलला तिच्या माहेरी पोचवायचं. कायमचं, पण तोंडाने कुणी तसं म्हणत नव्हतं.

पाच आठवडे झाले आणि आत्याचा निरोप आला: मुलाखत घ्यायला तूच ये. आता, नातेवाइकांच्या घरी मुलाखत घ्यायची नाही असा केंद्राचा नियम आहे. पण या भागात मला असा माणूस दाखवा जो माझा नातेवाईक नाही! मी गेलो.

अंगणात जेकोनिया बसला होता. नाशोन सकाळीच आला होता, बायकोला पोचवायला. दोन चुलत्या होत्या. बेरील स्वयंपाकघराच्या दारात, आणि तिची बॅग भिंतीला टेकवून ठेवलेली. मी बसलो, चहा प्यायलो. मग आत्यानेच शिकवल्याप्रमाणे म्हटलं, "काका, तुम्ही सगळे जरा तिकडे बसाल का? बेरीलशी एकटीशी बोलायचंय."

"कुणी उठायचं नाही," आत्या म्हणाली.

"आत्या, नियम..."

"नियम मला शिकवतोस? बस खाली. आणि तिला नाही, मला विचार."

तिचा आवाज नेहमीचाच होता, पण हात मांडीवर घट्ट दाबून धरले होते. मी कागद काढला.

"ओगुतुला ताप कधी आला?"

"सोमवारी सकाळी."

"दवाखान्यात कधी नेलं?"

"गुरुवारी."

"मधले तीन दिवस घरीच होता?"

"घरीच."

पुढचा प्रश्न मी हजार वेळा विचारला असेन. त्या दिवशी मी तो नुसता मनात वाचला. दवाखान्यात न्यायचं की नाही, हे घरात कुणी ठरवलं? खाली चौकोन असतात: आई, वडील, आजी, इतर कुणी.

"विचार की रे," ती म्हणाली. "पुढचा मला पाठ आहे."

मी विचारलं.

"मी ठरवलं. आजीवर खूण कर." मग ती माझ्याकडे न बघता जेकोनियाकडे बघून बोलायला लागली. "सोमवारी ही म्हणाली, आई, नेऊ का? मी त्याच्या कपाळाला हात लावला. एकवीस वर्षं लोकांच्या पोरांच्या कपाळाला हात लावतेय, मला कळतं ना सगळं! म्हटलं, दाढा येतायत, थांब. मोजणीचा शेवटचा आठवडा होता, मी फेरीवर गेले. बुधवारी हिने पुन्हा विचारलं. मी म्हटलं, उद्या मी स्वतः नेते. तिथल्या सिस्टर मला ओळखतात, मी असले की रांगेत बसावं लागत नाही. त्या दिवशी मी बारा घरांत जाऊन सांगितलं, ताप आला तर एक दिवसही थांबू नका. बारा घरांत!"

"वहिनी," जेकोनिया चुळबुळला, "दुःखात माणूस काहीबाही बोलतं..."

"गप्प बसा भावजी. पाच आठवडे तुम्ही बोललात आणि मी गप्प बसले. दुःखाने नाही. माझ्या सोयीचं होतं म्हणून. लोकांनी मला काही विचारलं नाही, तिला विचारलं, आणि मी तिला शब्दांचा मार खाऊ दिला. तू लिहितोयस ना?"

मी लिहीत होतो.

तेवढ्यात बेरील दारातून पुढे आली. पाच आठवड्यांत तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. ती आत्याला म्हणाली, "आई, मंगळवारी तुम्ही गेल्यावर मी त्याला पाठीशी बांधलं होतं. फाटकापर्यंत गेले. मग मनात आलं, तुम्ही म्हणाल, माझ्यावर विश्वास नाही का तुझा? म्हणून परत फिरले."

हे आत्याला माहीत नव्हतं. तिने तोंडावर हात दाबला आणि असा आवाज काढला की चुलत्या उठून उभ्या राहिल्या. मला आजही तो आठवला की जेवण जात नाही.

"लिही," ती हात खाली घेऊन म्हणाली.

"आत्या, याला कागदावर जागा नाहीये."

"मग मागच्या बाजूला लिही. फाटकापर्यंत गेली होती म्हणून लिही."

मी लिहिलं. जेकोनिया काठी घेऊन निघून गेला. नाशोनने बायकोची बॅग उचलली आणि झोपडीत नेऊन ठेवली. माफ केलं वगैरे कुणी कुणाला म्हटलं नाही. कित्येक महिने सासू-सुना कामापुरतंच बोलत होत्या.

आत्या पुन्हा फेरीवर जायला लागली. आता ती प्रत्येक घरात सासूच्या देखत सुनेला सांगायची, "पोराला ताप आला की कुणाला विचारायचं नाही. हिला नाही, मलाही नाही. मी एका पोराला थांब म्हटलं होतं." लोक म्हणायचे, आता पुरे कर बाई, जखम किती उकरशील. ती ऐकायची नाही.

दोन वर्षांनी बेरीलला मुलगी झाली. ती आठ महिन्यांची असताना एक दिवस दुपारी मी आत्याकडे वह्या न्यायला गेलो. आत्या नुकतीच फेरीवरून आलेली, पायरीवर बसलेली. दाराला कडी. मी विचारलं, बेरील कुठेय?

"शेजारीण सांगते, पोरीचं अंग कोमट लागलं म्हणून सकाळीच घेऊन गेली. आत्ता दवाखान्यातून फोन आला. मलेरियाच निघाला, औषध चालू केलंय, पोर दूध पितेय."

"तुला सांगून गेली नाही?"

"मी तेव्हा घरातच होते, फेरीवर निघायच्या आधी मागे भांडी घासत होते," आत्या म्हणाली. "मला विचारलं नाही. कुणालाच विचारलं नाही रे तिने!" आणि रुमालात तोंड खुपसून ती रडायला लागली.