फुटक्या भांड्यांचे पत्ते

वालूरला आमच्याकडं एक मास्तरीणबाई यायच्या. बौद्ध समाजाच्या. नवरा येलदरीच्या वीजघरात नोकरीला, म्हणून लहानग्या लेकीला घेऊन शाळेजवळच्या खोलीत एकट्याच राहायच्या. जपानात फुटलेली भांडी सोन्यानं सांधतात, असं त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं आणि जुन्या लग्नपत्रिका कापून त्याचा खेळच बनवला. एकेका पत्त्यावर भांड्याचा एकेक तुकडा, कडेला बेगडाची सोनेरी रेघ. आपल्या भांड्याचा तुकडा दुसरीच्या हातात असायचा. तो मागायचा, आणि मागितल्यावर तिनं नाही म्हणायचं नाही. रेघेला रेघ जुळली की भांडं पुरं.

सासूबाई आधी म्हणाल्या, “येडी हायत का ती मानसं? फुटलं की उकिरड्यावर टाकावं!” पण पुढं अशा नादावल्या की जेवणं उरकली की मला हुकूम, “अगं, बाई आल्या का बघ की!” लबाडी तर लय करायच्या. नेमका मागितलेला पत्ता मांडीखाली! बाई हसून हसून बेजार व्हायच्या. खेळ ओसरीवरच चालायचा. बाईंच्या हातचा पत्ता सासूबाईंना चालायचा, चहाचा कप मात्र बाईंना निराळा, कोनाड्यातला. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण सुनेला विचारतो कोण?

विद्यापीठाच्या नामांतरावरून पेटलं, तेव्हा जवळच्याच एका गावात घरं जाळल्याची बातमी आली. त्या दुपारी बाई आल्या त्या पत्ते न घेता, लेकीला कडेवर घेऊन. नवऱ्याला निरोप गेला होता, पण तो उद्याशिवाय पोचणार नव्हता.

“काकू, आजची रात्र हिला तुमच्यात निजू द्या,” त्या उभ्या उभ्याच म्हणाल्या. “माझं मी बघते.”

सासूबाईंचं तोंड उतरलं. त्यांनी आत बघितलं.

“न्हाई जमायचं,” आतून सासरे म्हणाले. “उद्या आपलंच घर पेटवतील.”

“मामा, लेकरू हाय ते,” मी बोलले. त्यांच्यासमोर मी कधी तोंड उघडलं नव्हतं.

“तू आत हो!”

झालं. सासूबाईंनी पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि रडायलाच लागल्या. जळो ते रडणं!  पण मी तरी करणार काय? घर त्यांचं, दार त्यांचं, मी कोण?

बाईंनी लेकीला दुसऱ्या कडेवर घेतलं, पायऱ्या उतरल्या आणि वळल्या.

“वैनी, आतून कडी लावून घ्या,” त्या म्हणाल्या. “दिवस बरे नाहीत.”

मी कडी लावली.