पिवळं पडलेलं कपाट

ताईला कुणाचंही काम आवडत नसे. फर्निचरच्या कारखान्यात, रंगकामाच्या खोलीत तिचा जन्म गेला. तिथले सुतार तिला मागून ‘नाकवाली’ म्हणत, कारण फळीवरून बोट फिरवलं की आधी ती नाक मुरडे आणि मग तोंड उघडे. लग्न तिनं केलं नाही. बघायला आलेल्या मुलांतही तिला कुठेतरी रंगाचा ओघळ दिसला असणार, असं तिची धाकटी बहीण म्हणायची.

या धाकटीच्या मुलीसाठी ताईनं एक कपाट पांढरंशुभ्र रंगवून दिलं होतं. वरून पारदर्शक थर द्यायचा राहिला होता. तो मी येऊन देईन, तोवर कुणी हात लावू नका, असं तिनं बजावलंही होतं. पण धाकटीच्या नवऱ्याला दम कुठला! हा गृहस्थ विमा विकायचा आणि जगातली सगळी कामं आपल्याला येतात असं समजायचा. नळ त्यानं दुरुस्त केला की प्लंबर बोलवावा लागे. त्यानं माळ्यावरून दारांचं उरलेलं तेलकट व्हार्निश काढलं आणि कपाटाला फासलं. बघता बघता कपाट पिवळं पडलं आणि धाकटीचा फोन आला: तुझा रंग पिवळा पडला गं.

‘तुझा रंग’ हे ताईला मिरचीसारखं झोंबलं.

ती सामान घेऊन आली. कपाट विडी ओढणाऱ्याच्या दातांसारखं झालं होतं. दारावर ओघळ थिजलेले, त्यांत ब्रशचे केस अडकलेले. बिजागरीपाशी एक कोपरा मात्र लावायचाच राहून गेला होता. तो अजून पांढराफेक होता.

“रंगाची कंपनीच हलकी असावी, ताई,” धाकटीचा नवरा म्हणाला.

ताईनं त्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. “हा माझा रंग. बाकी तुमची कृपा.”

तो हसला आणि वरून अजून एक हात मारून टाकू, म्हणाला. पारदर्शक थरातून खालचं पिवळं दिसणारच, हे याला समजावण्यात ताईनं शब्द वाया घालवले नाहीत. तिनं ब्लेडनं ओघळ तासले, पॉलिश पेपरनं सगळं व्हार्निश घासून काढलं, भुकटी पुसली आणि पांढऱ्या रंगाचा नवा हात दिला. तो मागे उभा राहून सल्ले देत होता.

तो बाहेर गेल्यावर धाकटी चहा घेऊन आली. दार लोटून म्हणाली, “तू येतेस, नाक मुरडतेस आणि घरी जातेस. मला त्याच्याबरोबर राहायचंय. अख्खी सुट्टी घालवून लावलं होतं त्यानं. पोरगी त्याच्या गळ्यात पडली होती.”

“माया असेल. ओघळ तो ओघळच.”

“मला दिसत नाहीत का ओघळ?”

आपली बहीण आंधळी आहे असं ताई इतकी वर्षं धरून चालली होती. सगळं दिसत असून ही पोरीला त्याच्या गळ्यात पडू देते, हे तिला त्याहून कमीपणाचं वाटलं. तिनं चहा संपवला आणि ब्रश धुवायला घेतला.

रंग पक्का वाळल्यावर ती पुन्हा आली. सोबत पाण्यात मिसळणारं, पिवळं न पडणारं व्हार्निश होतं. बाहेरून तिनं पातळ हात दिले, मध्ये वाळू देऊन, हलकेच घासून. मग धाकटीच्या नवऱ्याला हाक मारली आणि ब्रश पुढे केला.

“आतले कप्पे तुम्ही करा.”

आत कपडे राहणार होते, कुणाला काही दिसणार नव्हतं. त्याला मात्र तो मान वाटला. त्यानं बाह्या सरसावल्या आणि ब्रश डब्याच्या काठावर घासून घासून नुसता फेस केला. ताई खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

आता कपाट झकास दिसतं. भाची आल्यागेल्याला दार उघडून, कपडे बाजूला सारून दाखवते, हे आतलं बाबांनी केलंय. अशा वेळी ताई हजर असली तर पाणी प्यायला उठते.