सुनंदाला दिलेलं उत्तर

माझा हात चालतो, हे नंदुरबारात सगळ्यांना माहीत आहे. ट्रे भिरकावणं, शिव्या घालणं, एकदा तर बिघडलेलं मशीन लाथेनं जिन्यावरून खाली लोटणं — हे किस्से लोक माझ्यासमोरच रंगवून सांगतात आणि मीही हसतो. डॉक्टर तापट आहे, पण माणूस सरळ, असं म्हणतात. त्या ‘सरळ’पाशी आलं की मी विषय बदलतो. का बदलतो, ते आजवर एका जिवाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

मी पॅथॉलॉजिस्ट. रनाळ्याचा, शेतकऱ्याच्या घरातला. मुंबईत शिकलो, तिथली चांगली नोकरी सोडून परत आलो ते सिकलसेलसाठी. आमच्याकडे हा रक्ताचा आजार फार. आई आणि बाप, दोघांकडून दोष आला तरच मूल आजारी पडतं. एकाकडूनच आला, तर ते नुसतं वाहक — धडधाकट जगतं, त्याला पत्ताही लागत नाही. एवढं लक्षात ठेवा. पुढचं सगळं यावरच आहे.

माझं संशोधन अख्ख्या कुटुंबांवर होतं. आई, बाप, लेकरं, सगळ्यांचं रक्त एका पट्टीवर शेजारी शेजारी लावायचं. साफ रक्ताची एक रेघ उमटते, आजाऱ्याचीही एकच पण दुसऱ्या जागी, आणि वाहकाच्या दोन. आणि तुलनेसाठी पट्टीच्या कडेला एक नक्की साफ असलेलं रक्त लावावं लागतं. मी तिथे माझंच लावायचो. सोयीचं पडतं, असं सांगायचो. खोटं. मला ते आवडायचं — अख्ख्या जिल्ह्याचं रक्त माझ्या रक्ताशी ताडून बघायचं, हे मला मनापासून आवडायचं. हसू येतंय ना? मलाही येतं, आणि मग स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

भरत माझा टेक्निशियन. हुशार, अबोल, माझ्या शिव्या खाऊन टिकलेला एकटाच. त्याची मुलगी मयूरी, तीन-चार वर्षांची, सारखी रडायची. हातपाय सुजायचे, पोटात दुखायचं. माझ्या नजरेतून सुटण्यासारखं नव्हतं ते. मी म्हटलं, तिघांचंही रक्त घेऊन ये. तो घेऊन आला. त्याच्याच घरचं काम म्हणून पट्टी मी स्वतः लावायची असं ठरलं.

नेमकी त्याच दिवशी मुंबईहून पाहणीला मंडळी येणार होती. पुढचा पैसा त्यांच्या हातात. सकाळी प्रयोगशाळेत पाऊल टाकलं तर टेबलावर दोन नळ्या चिठ्ठीवाचून उभ्या. माझं डोकं फिरलं. भरतला समोर बोलावलं आणि सगळ्या स्टाफसमोर कानाखाली वाजवली. नळी चुकली की माणूस मरतो, नालायका! — असं ओरडलो. त्याचा चष्मा उडून टेबलाखाली गेला. तो वाकून शोधत होता, तेव्हाही मी बोलतच होतो.

मग पट्टी लावली. याच हातांनी. पाहुणे पाठीमागे, मी त्यांना समजावून सांगतोय, इंग्रजी फाडतोय, आणि माझ्याच हातात चिठ्ठी नसलेल्या दोन वाट्या. एकीत माझं रक्त, एकीत भरतचं.

तुम्हाला कळलं असेल. मला कळलं ते पट्टी रंगून बाहेर आली तेव्हा. मयूरीच्या जागी आजाराची रेघ. आईच्या जागी दोन रेघा. बापाच्या जागी एकच, साफ. आणि कडेला, जिथे मी असायचो, तिथे दोन. माझ्या रक्तात दोन रेघा येऊच शकत नाहीत. शेकडो वेळा पाहिलेलं रक्त ते. म्हणजे अदलाबदल झाली होती. वाहक भरत होता. मुलगी त्याचीच होती.

हे समजायला मला श्वासभर वेळ लागला असेल. त्याच श्वासात मी कात्री उचलली आणि त्या दोन रेघांसकट पट्टीची कड कापून टाकली. “कड खराब झालीये,” पाहुण्यांना म्हटलं. त्यांनी माना डोलावल्या. सकाळी ज्या चुकीसाठी माणसाला मारलं, तीच चूक दुपारी माझ्या हातून झाली — हे त्या सगळ्यांसमोर कसं सांगणार? पाहुणे गेले की भरतला बाजूला घेऊन सांगू, असं ठरवलं होतं. खरंच ठरवलं होतं. पण त्याचा आता काय उपयोग?

भरत टेबलाशी आला. उरलेली पट्टी त्यानं उजेडात धरली. पट्टी वाचायला त्याला मीच शिकवलं होतं. आजारी मूल, वाहक आई, साफ बाप — असं गणित बसतच नाही, हेही मीच शिकवलं होतं. गालावर माझी बोटं अजून उठलेली होती. त्यानं पट्टी खाली ठेवली, हात धुतले, निघून गेला. मी पाहुण्यांना जेवायला घेऊन गेलो.

जेवून परत आलो तर सरकारी दवाखान्यातून फोन. भरतच्या बायकोला, सुनंदाला आणलंय.

भरतनं तिला मुसळानं मारलं होतं. आधी हातावर — तिनं डोकं वाचवायला हात वर धरला तेव्हा. हाड कातडीतून बाहेर आलं होतं. मग तोंडावर. डाव्या डोळ्याच्या जागी नुसता गोळा होता, काळा आणि ओला. दात गिळले गेले होते, ते ओकारीतून बाहेर पडत होते. मी आयुष्यभर रक्त पाहिलंय, पण काचेवर. साडीतून ठिबकून फरशीवर पसरणारं, चपलेला चिकटणारं रक्त वेगळं असतं. मयूरी शेजारणीच्या कडेवर होती. तिच्या फ्रॉकवर आईच्या रक्ताचे शिंतोडे होते आणि ती रडत नव्हती.

भरतला हवालदारानं दाराशी धरून ठेवलं होतं. मला पाहिल्यावर तो जवळजवळ आनंदला.

“साहेब, तुम्हीच सांगा यास्ले,” तो ओरडला. “ती पोर मन्ही नही शे! रगत खोटं बोलस का?”

हवालदारानं माझ्याकडे पाहिलं. नर्सनं पाहिलं. सुनंदा उरलेल्या डोळ्यानं पाहत होती. आणि मी — नळीवर चिठ्ठी नाही म्हणून कानाखाली मारणारा, तापट पण सरळ — मी म्हणालो, “आधी तिला बघू द्या.”

बस, एवढंच. नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. पण सगळ्यांनी त्याचा अर्थ हो, पोर भरतची नाही, असाच घेतला, आणि तो तसाच घेतला जाईल हे मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी उरलेलं रक्त पुन्हा लावलं, या वेळी काटेकोर काळजी घेऊन. भरतच्या दोन रेघा. शोधनिबंधात ते कुटुंब बरोबर छापलं आहे — बाप वाहक, आई वाहक, मूल आजारी. नावं नसतात तिथे. त्या निबंधासाठी मुंबईत माझा सत्कार झाला, तेव्हा शाल मी खांद्यावर नीट सावरून घेतली. कागदावरची चूक मी रातोरात दुरुस्त केली आणि हाडामांसाच्या बाईवरची तशीच ठेवली. याला काय म्हणायचं? भित्रेपणा म्हणतात, पण तो शब्द मला फार सभ्य वाटतो.

सुनंदानं पोलिसांना सांगितलं, जिन्यावरून पडले. तिच्या घराला जिनाच नाही. तिचा भाऊ तिला आणि पोरीला खापरला माहेरी घेऊन गेला. भरत नोकरी सोडून सुरतेला गेला, कापडाच्या दुकानात लागला. त्याला एक फोन करायचा होता फक्त. त्याचा नंबर माझ्याकडे होता, आजही आहे. सुरुवातीला वाटायचं, आत्ताच कळलं तर तो जीव देईल. मग वाटायचं, आता सांगून काय होणार, डोळा थोडाच परत येणार? दर वेळी मला एक चांगलंसं कारण सापडायचं. खोटारड्याला कारणांची कधी वाण पडली आहे का?

पण इथवर सांगितलं, तो माझा गुन्हा नव्हे. म्हणजे आहे — पण ज्याच्यासाठी लिहायला बसलो तो नव्हे. तिकडे यायला मी मुद्दामच उशीर लावतोय.

मागच्या वर्षी अक्कलकुव्याला आमचं तपासणी शिबिर होतं. रांगेत सुनंदा उभी होती, मयूरीला घेऊन. पोर वाढली होती, पण वाळून गेली होती, डोळे हळदीसारखे पिवळे. चेहरा थेट भरतचा. तेच कपाळ, तीच जिवणी. आंधळ्यालाही कळावं. मी औषधं लिहून दिली, गोळ्या कशा द्यायच्या ते सांगितलं. सुनंदानं पोरीला बाहेर बाकावर बसायला पाठवलं आणि दार लोटून घेतलं. हात वाकडाच जुळलेला होता. पदरानं डावी बाजू झाकून ती खाली बघत बोलली.

“डॉक्टरसाहेब, मी दुसरा माणूसनं तोंडबी दखेल नही. देवनी आण.” मग दार नीट लागलंय का ते पाहिलं. “पण तुम्हनं मशीन खोटं नही ना. मंग मी रोज इचार करस. लगीननंतर माले ताप येल व्हता, मी सुद्धीवर नव्हतू. घरमा लोके येत-जात व्हतात. बाईले ठाऊक नसताना असं काही व्हई सकस का? माले सोतावर भरोसा राहिना नही.”

कळलं का तुम्हाला, ती काय विचारत होती? इतकी वर्षं ती आपल्याच तापातल्या रात्री उकरत बसली होती. सासऱ्याचं, दिराचं, शेजाऱ्याचं तोंड एकेक करून आठवत होती — यातला कोण? कुणाच्या हातात मुसळ नव्हतं, पण मार चालूच होता, आणि तो आता ती स्वतःच स्वतःला मारत होती.

दार बंद होतं. पाहुणे नव्हते, हवालदार नव्हता. भरत सुरतेला. एक वाक्य बोलायचं होतं. नाही बाई, चूक माझी. ते तोंडाशी आलंही होतं. आणि लगेच मनात आलं — ही बाहेर जाऊन सांगेल.

मी तिच्याकडे पाहिलं आणि डॉक्टरी आवाजात म्हणालो, “होऊ शकतं.”

तिनं मान हलवली. जणू तिला ते माहीतच होतं. गोळ्यांची पुडी पदराच्या गाठीत बांधली, दार उघडलं आणि बाकावर बसलेल्या मयूरीकडे काही क्षण नुसती पाहत उभी राहिली. नेहमी हात धरायची, तसा तिनं या वेळी पोरीचा हात धरला नाही. पुढे चालायला लागली. पोर मागून गेली.