रशीद पेंटरचा ग्राफ

रशीदचाचा काल गेले.
माझा ग्राफ बघून पोट धरून हसलेला पहिला माणूस.

चाचा आमच्या गल्लीतले पेंटर. नंदुरबारात येणाऱ्या निम्म्या ट्रॉल्यांच्या मागची नावं त्यांच्याच ब्रशची.

मी पुण्याहून डेटाचं शिकून आले आणि हौसेने फेसबुक पेज काढलं. मिरची मार्केटला कुठल्या दिवशी किती गर्दी असेल, ते शेतकऱ्याला घरबसल्या दिसावं म्हणून. ओली मिरची दिवसभर रांगेत ट्रॉलीत दबली की खराब होते.

गर्दीचा दिवस लाल, मोकळा दिवस हिरवा. अगदी सिग्नलसारखं. मी स्वतःवरच खूश.

सोमवार लालभडक दाखवला होता.
सोमवारी अख्खा तालुका मिरची घेऊन हजर.

कळसाडीचे एक काका दुपारपर्यंत उन्हात ताटकळले होते. पेज पाहिलं नाही का, असं मी त्यांना विचारलं.

"लाल दिखनं म्हनीसन तं उनूत आम्ही," ते शांतपणे म्हणाले. लाल दिसलं म्हणूनच तर ते आले होते.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांचा माल माझ्यामुळे दबला होता. पेज बंदच करते म्हणत मी चाचांच्या दुकानात जाऊन रडले.

ते आधी मनसोक्त हसले. मग म्हणाले, "बेटा, मिरचीना गावमा लाल देखीसन कोन मांगे फिरस?"

खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि त्यावर मार्केटचं गेट काढलं. पुढे चहाची टपरी, पेट्रोल पंप, रेल्वे फाटक. गेटपासून एकामागे एक इवले ट्रॅक्टर.

"रांग कोठलोंग गयी, तेच दखाड. बाकी लोके सांगतीन."

त्याचा फोटो पेजवर टाकला, आणि लोक खरंच सांगायला लागले. 'आज टपरीपर्यंत.' 'पंप ओलांडला, घरीच थांबा.' रांगेत उभी असलेली माणसंच आम्हाला डेटा द्यायची, आम्ही फक्त ट्रॅक्टर वाढवायचो. खांडबाऱ्याच्या एकाने कमेंटमध्ये भांडण काढलं, माझा ट्रॅक्टर निळा आहे, लाल का काढला? चाचांनी दुसऱ्या दिवशी निमूट निळा काढला.

कळसाडीचे काका मात्र पेजवर परत कधी बोलले नाहीत. ते मला दोन सीझन टोचत राहिलं.

आज सकाळपासून मी चाचींजवळ बसून होते. पेजचं भानच नव्हतं. आज कुणाची तरी मिरची दबणार, हे दुपारी आठवलं आणि घाबरून फोन उघडला.

पेजवर ग्राफच ग्राफ. कुणी वहीच्या पानावर काढलेला, कुणी पोत्यावर, एकाने तर ट्रॉलीवरच्या धुळीत बोटाने. ट्रॅक्टर कसले, चाकं लावलेल्या चपलाच. पण रांग टपरीपर्यंतच आहे, हे कुणालाही कळत होतं.

एकाखाली कळसाडीच्या काकांची कमेंट होती.
"टपरीलोंगच शे. आम्ही निंघनूत."

चाचींना वाचून दाखवलं. आम्ही दोघी रडता रडता हसलो.

चाचा, पेज चालू आहे.
या तुमच्या रडक्या बेटीचा शेवटचा सलाम.